चुडामण बापूचं तूप

मंगळवारी मोरवढ्याला जायचं तर एस.टी.त उभं राहायची तयारी ठेवावी लागे. यावलकडून येणारी गाडी फाट्यावरच रिकामी व्हायची आणि तिथून थेट नदीपर्यंत बायकांची रांग लागायची. प्रत्येकीच्या कडेवर पोर, आणि पोराच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पदर. रावेरकडच्या बैलगाड्या असत, दीपनगरच्या वीज कॉलनीतली एखादी जीप असे. जळगावच्या पिंप्राळ्यातून एका बँकेतल्या साहेबांची बायको नातवाला घेऊन येई आणि गर्दीत कोणी ओळखू नये म्हणून गॉगल काढत नसे. तिकडून, पार पिंपळनेरहून, एक कुटुंब आदल्या दिवशीच निघून मुक्कामाला येई.

सगळ्यांचं दुखणं एकच. पोर सुकलं होतं. दीड-दोन वर्षांचं झालं तरी उभं राहत नव्हतं, आणि राहिलंच तर पाय धनुष्यासारखे वाकत होते. डॉक्टर त्याला मुडदूस म्हणत. गावं त्याला पाखराची सावली म्हणत. तान्हं उघड्यावर निजलेलं असताना वरून पाखरू गेलं आणि त्याची सावली अंगावर पडली, की ते पाखरू सावलीतून पोरात उतरतं आणि आतून हाडं टोचून खातं, अशी समजूत होती. म्हणून शहाण्या घरात पोराला आभाळ दाखवत नसत.

हे पाखरू काढायचं काम चुडामण बापू करायचा.

उंबराखाली दादर ज्वारीच्या दाण्यांचं रिंगण घातलेलं असे, मधे काळी घोंगडी. पोराला घोंगडीवर निजवायचं, वरून तिचीच दुसरी बाजू पांघरायची. बापू हातात सूप घेऊन रिंगणाभोवती फिरायचा. बोलायचा मात्र पाखराशी, जसं काही ते त्याचं उधारीवरचं गिऱ्हाईक होतं.

"आलास का? चार महिन्यांचं हाड खाल्लं, लाज नही वाटली? नखी सोड. चोच सोड. हे काही तुह्या बापाचं झाड नव्हे."

मग सूप आपटायचं, घोंगडीचं टोक उचलायचं, आणि खरोखर एक काळं कुळकुळीत पाखरू फडफडत उंबरावर जाऊन बसायचं. बायका हात जोडायच्या. काही रडायच्या. बापू पितळी वाटीतलं कोमट तूप पोराच्या जिभेवर सोडायचा आणि तीन बंधनं सांगायचा. सव्वा महिना पोराला आभाळ दाखवायचं नाही. दर मंगळवारी तुपाला यायचं. आणि पोराला सुई टोचू द्यायची नाही.

"सुईचं भोक म्हंजे पाखराले दार," तो सांगे. "दार उघडं ठेवून मग माह्याकडे रडत येऊ नका."

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या कार्तिकात, त्या गर्दीच्या मागे डॉक्टर लीलाधर भारंबे उभा होता. तालुक्याच्या गावी त्याचा दवाखाना होता, आणि त्या भागातलं एकुलतं एक खाजगी क्ष-किरण यंत्र त्याच्याकडे होतं. तो बापूला हसायला आला नव्हता. हसायचं त्याने आठवड्यापूर्वीच सोडलं होतं, कारण बापूच्या हातून एक पोर खरंच बरं झालं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते पोर म्हणजे मगन. लीलाधरच्या थोरल्या भावाच्या केळीच्या बागेत जीवराम सालदार होता, वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. बागेतच विहिरीशेजारी त्याची झोपडी. घरात बायको बेबाबाई, आई धुरपदाबाई, तीन वर्षांचा मगन आणि आठ महिन्यांची ताई. पोळ्याच्या सुमाराला लीलाधर भावाकडे गेला असताना त्याने मगनला जमिनीवर बुड घासत सरकताना पाहिलं आणि दवाखान्यात आणवून मनगटाचा फोटो काढला. हाडाचं टोक जिथे सुरीने कापल्यासारखं सरळ असायला हवं, तिथे ते चावून टाकलेल्या निंबाच्या काडीसारखं विस्कटलं होतं.

खानदेशात मुडदूस, हे ऐकून बाहेरचा डॉक्टर हसला असता. जिथे वैशाखात डांबर पायाला चिकटतं तिथे उन्हाची कमतरता कुठली? पण लीलाधरने ती झोपडी पाहिली होती. केळीच्या बागेत भर दुपारी संध्याकाळ असते. पानावर पान, खाली पाटाचं पाणी, ओल. बेबाबाई दिवसभर बागेत राबायची आणि पोराची झोळी केळीच्या दोन खांबांच्या मधे, गर्द सावलीत टांगलेली असायची. त्यातून चुकूनमाकून एखादा कवडसा आलाच, तर पाखराच्या भीतीने धुरपदाबाई झोळीवर लुगडं टाकायची. कातडीवर ऊन पडलं तर शरीर आपलं आपण 'ड' जीवनसत्त्व बनवतं, आणि त्याच्याशिवाय हाड धरत नाही. आणि या पोरांवर जन्मल्यापासून ऊन पडलंच नव्हतं.

त्याने औषधाची पुडी दिली. दुधातून द्या, म्हणाला, आणि रोज सकाळी पोराला उघडं करून बांधावर बसवा. जीवरामने मान हलवली होती. मान हलवण्यात सालदाराचं काही जात नाही.

कार्तिकात लीलाधर पुन्हा बागेत गेला तेव्हा मगन खांबाला धरून उभा होता.

त्याला फार बरं वाटलं. पोराला त्याने गाडीवर बसवून नेलं, पुन्हा मनगटाचा फोटो काढला. विस्कटलेल्या टोकावर, खडूने ओढावी तशी, पांढरी रेघ उमटली होती. हाड भरू लागलं की ही रेघ येते. पोराला परत सोडायला गेल्यावर त्याने बेबाबाईची पाठ थोपटावी तसं म्हटलं, औषध बरोबर दिलंस.

 बेबाबाई आत जाऊन कोनाड्यातून पुडी घेऊन आली. पुडी फोडलेली नव्हती. तिच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

"तुम्ही दिली म्हनून टाकली नही, भाऊ," ती सासूकडे बघत म्हणाली. "पन आत्याबाईनं बापूकडे नेलं पोराले. त्याचं पाखरू निघालं."

ऊन दाखवलंस का, असं त्याने विचारलं. धुरपदाबाईनेच उत्तर दिलं, बापूने आभाळाची बंदी केली आहे, पोराला कसं बाहेर काढणार.

म्हणजे पुडी नाही, ऊन नाही, आणि हाडावर पांढरी रेघ. ती रेघ मंत्राने उमटत नाही. मग मगनच्या पोटात 'ड' जीवनसत्त्व गेलं होतं, आणि बापूच्या हातून पोटात गेलेली वस्तू एकच होती.

निघता निघता त्याने झोळीतल्या ताईला बाहेर काढलं. तिच्या छातीवरून बोट फिरवलं तर बरगड्यांच्या टोकांशी गाठी लागल्या, मण्यांची माळ असावी तशा. हिलाही तेच होतं. तो खाली बसला आणि जीवरामला, बेबाबाईला, म्हातारीला, तिघांना समोर बसवून एकेक शब्द तोलून सांगू लागला. अशा पोरांची छाती मऊ असते. थंडीत यांना खोकला झाला आणि तो फुप्फुसात उतरला, तर धडधाकट पोर जिथे झुंज देतं तिथे ही पोरं दमतात. एकाच आजारात दुसरी पोरं उठतात आणि ही जातात. का, ते पुस्तकात पुरतं लिहिलेलं नाही, पण वॉर्डात दिसतं. म्हणून ताईला उद्यापासून ऊन द्या, ही पुडी द्या, आणि श्वास भरभर चालू लागला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर त्याच दिवशी माझ्याकडे आणा. मंगळवारची वाट बघू नका.

"मगन कोनाकडे बरा झाला?" धुरपदाबाईने विचारलं.

या प्रश्नाला त्याच्याकडे खरं उत्तर होतं. पण ते सांगायला त्याला पुरावा हवा होता. म्हणून तो मोरवढ्याला आला होता.

रांग पुढे सरकत होती तसा तोही सरकत होता. रिंगणाजवळ आल्यावर त्याने पाखराकडे पाहिलं नाही, बापूच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याच्या पेरावर बारीक आडव्या चिरा होत्या. काही जुन्या, काही ताज्या. असे अंगठे लीलाधरने आयुष्यभर पाहिले होते. इंजेक्शनच्या काचेच्या कुपीची मान कापूस न लावता घाईने मोडणाऱ्या प्रत्येक कंपाउंडरचा अंगठा असाच असतो.

मग बाकीचं आपोआप जुळलं. भुसावळला एका औषधाच्या दुकानात चुडामण नावाचा माणूस पूर्वी कामाला होता, हे चार ठिकाणी विचारल्यावर कळलं. मुडदुसाचं इंजेक्शन तेलकट असतं. तुपात मिसळलं तर दिसत नाही, वासाला येत नाही, आणि पोटातून दिलं तरी काम करतं.

पुढच्या मंगळवारी लीलाधर दोन क्ष-किरण फोटो घेऊन गेला. सोबत जीवराम होता, कडेवर मगन. मागे बेबाबाई ताईला पदरात घेऊन. पोर बरं झालेलं लोकांनी पाहावं म्हणून बापूनेच मगनला बोलावलं होतं, आणि त्या गर्दीसमोर लीलाधर रिंगणात शिरला.

आधी तो घोंगडीकडे गेला. तिची खालची बाजू त्याने उलटी केली. काठाशी आतून एक पिशवी शिवलेली होती. तिच्यात बाजरीचे दाणे होते, पिसं होती आणि एक चिमणी होती. त्याने चिमणी मुठीत धरली, पाण्याच्या लोट्यात बुडवली आणि पंच्याने पुसली. पंचा काळा झाला आणि चिमणी चिमणीच्या रंगाची झाली. दिव्याचं काजळ होतं.

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. पिंप्राळ्याच्या बाईंनी गॉगल काढला.

मग त्याने उंबराखालच्या धुनीजवळचा चिमटा उचलून राख चाळली. राखेतून काचेचे तुकडे निघाले, कुपीच्या माना, दहा-बारा, उष्णतेने काळवंडलेल्या. ते त्याने पंच्यावर मांडले. मग दोन्ही फोटो उन्हासमोर धरले. पुढच्या बायकांनी वाकून पाहिलं. बेबाबाईही पुढे आली, ताईला एका हाताने सावरत. त्याने बोटाने दाखवलं, हे तेव्हाचं हाड, हे आत्ताचं, आणि ही पांढरी रेघ. ही रेघ एकाच औषधाने येते. ते औषध या कुपीत असतं, दुकानात मिळतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि सकाळच्या उन्हात तर कोणाला मागायचीही गरज नाही. तुमच्या पोराला पाखरू लागलं नव्हतं. पाखराच्या भीतीने तुम्ही पोराला अंधारात ठेवलं, म्हणून ते सुकलं. आणि बापू पोराला पुन्हा अंधारातच ठेवायला सांगतो, म्हणजे तूप घ्यायला तुम्ही येतच राहाल. या औषधाचाही अतिरेक होतो. दर मंगळवारी दिलं तर पोर ओकेल, त्याची मूत्रपिंडं बिघडतील.

बोलणं चांगलं झालं होतं. त्याला स्वतःलाही तसं वाटलं. सगळे बापूकडे बघत होते.

चुडामण बापू घाबरला नाही. त्याने सूप खाली ठेवलं, दोन पावलं पुढे येऊन लीलाधरला वाकून नमस्कार केला. मग गर्दीकडे वळला.

"ऐकलं का? मी तोंडानं कधी म्हनलो नही. डॉक्टरसाहेबांनी म्हनलं. ह्या तुपात औषध हाये. आन् त्या औषधानं पोर उभं राह्यलं. मशीनचा फोटो हाये त्याच्यापाशी."

"मी तेच सांगतोय," लीलाधर म्हणाला. "औषधाने. मंत्राने नाही."

"मंग ते औषध मले कोनी सांगतलं?" बापूने वर बोट दाखवलं. "दुकानात तर शंभर कुप्या व्हत्या. ह्याच कुपीवर हात कसा पडला? आन् चिमनी काय, ती तुमच्या डोयाले दिसावी म्हनून. खरं पाखरू दिसते का कोनाले? तुम्ही देव पाह्यला नही, मूर्ती पाहता ना?"

मागून एक म्हातारा बोलला, खरं हाये. मग दुसरा बोलला. एका बाईने विचारलं की फोटोत औषध दिसलं म्हणजे तूप भेसळीचं नाही ना, आणि बापूने मोठ्या समाधानाने सांगितलं की डॉक्टरांनीच तपासलं आहे. लीलाधर ओरडून काही सांगू लागला तोवर रांग परत लागली होती. चिमणी लोट्याच्या काठावर बसून अंग झाडत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

त्या दिवसापासून मोरवढ्याची गर्दी वाढली. पूर्वी फक्त सुकलेली पोरं यायची. आता तापाची, हगवणीची, कावीळ झालेली माणसंही येऊ लागली. डॉक्टरने पास केलेलं तूप, असं लोक एकमेकांना सांगत. बापूने पाखरू काढणं कमी केलं. तुपावर भागत होतं.

लीलाधरने पोलिसपाटलाला गाठलं, तालुक्याला अर्ज दिला, एका वर्तमानपत्राला मजकूर पाठवला. पाटलाची सून तुपाला जात होती. अर्जाची पोच मिळाली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांचं शीर्षक होतं, 'मोरवढ्याच्या तुपात औषधी गुण'.

तो अधूनमधून बागेत जाई. ताईच्या पुड्या आता दोन झाल्या होत्या, दोन्ही कोनाड्यात, दोन्हींवर कुंकू. भांडून उपयोग नव्हता. म्हातारी भांडत नसे, ती फक्त मगनकडे बोट दाखवायची. मगन आता बागेतून धावत होता. दिसणाऱ्या पोराशी वाद कसा घालायचा, हे लीलाधरला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

पौषात थंडी पडली. केळीच्या पानांवरून सकाळी दहापर्यंत दव गळायचं आणि झोपडीतली माती कोरडी होत नसे. ताईला आधी सर्दी झाली, मग खोकला, मग ताप. बेबाबाईच्या मनात डॉक्टरकडे जायचं होतं, हे तिने नंतर सांगितलं. पण धुरपदाबाई तिला म्हणाली की डॉक्टरनेच तूप खरं ठरवलं, मग तुपाचं माणूस सोडून डॉक्टरकडे कशाला? ज्यानं मगनला उठवलं तो ताईला उठवणार नाही का? जीवरामलाही ते पटलं. बोलणं तसं पटण्यासारखंच होतं, आणि तिथेच घात होता. एका दुखण्यावर जे लागू पडलं ते दुसऱ्यावर लागू पडेलच, असं धरून चालणं ही चूक अडाण्यालाच होते असं नाही.

बापूने मंगळवारची वाट पाहायला लावली नाही. ओळखीचं कुटुंब म्हणून त्याने एकाच दिवशी तीनदा तूप दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोरीला ते गिळता येत नव्हतं, तेव्हा गालात सोडलं. मग त्याने पोरीच्या छातीवर कान ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि उठून म्हणाला की आता हिला घरी न्या, मला रात्रभर जपाला बसायचं आहे. तो एकेकाळी औषधाच्या दुकानात होता. काय ऐकलं ते त्याला कळलं असणार.

बापूनेच परत पाठवल्यावर, त्याच दुपारी दोनच्या सुमाराला जीवराम ताईला घेऊन दवाखान्यात आला तेव्हा लीलाधर जेवायला उठत होता. त्याने पोरीवरचा पदर बाजूला केला आणि जेवण विसरला. ओठ जांभळे होते. प्रत्येक श्वासाला बरगड्या बाहेर फुगण्याऐवजी आत दबत होत्या. मऊ हाडांचा तो पिंजरा हवा ओढायच्या कामाचाच राहिला नव्हता. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना होता.

त्याने प्राणवायूचं नळकांडं लावलं. कंपाउंडर वना याने पेनिसिलिन भरून सिरिंज पुढे केली. लीलाधरने ती हातात घेतली आणि थांबला.

दारात धुरपदाबाई उभी होती. ती पोरीकडे बघत नव्हती, सुईकडे बघत होती. मागे वऱ्हांड्यात बागेतली आणि आळीतली आठ-दहा माणसं जमली होती, तीही तिकडेच बघत होती. त्या क्षणी लीलाधरला पुढचं सगळं स्वच्छ दिसलं. पोर वाचण्याची आशा जवळपास नव्हती. सुई टोचल्यावर ती गेली तर मोरवढ्याचं शास्त्र पुरं होणार होतं. सुई न टोचता गेली तर गेली, कोणी काही म्हणणार नव्हतं. जळगावला न्या, एवढं म्हणून तो हात झटकू शकत होता. रस्त्यातच संपली असती.

"भाऊ, टोचू नका," म्हातारी म्हणाली. "मी तुमच्या पाया पडते."

"अक्का, नाही टोचलं तर ही नक्की जाईल."

"आन् टोचलं तर?"

त्याने खरं तेच सांगितलं. "तरीही बहुतेक जाईल. पण थोडी आशा आहे."

म्हातारीने बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाई टेबलाजवळ उभी होती, पोरीचा पाय मुठीत धरून. ती सासूकडे वळली नाही. तिने फक्त पाय धरला होता तो नीट सरळ केला, मांडी वर येईल असा. लीलाधरने सुई टोचली.

दिवे लागायच्या आत ताई गेली.

वऱ्हांड्यातून पहिलं वाक्य आलं ते अपेक्षेप्रमाणेच होतं. सुई टोचली आन् पोर गेली. मग ते वाक्य यावलला गेलं, रावेरला गेलं, दीपनगरच्या कॉलनीत गेलं. पुढच्या मंगळवारी बापूने उंबराखाली ताईच्या नावाने दिवा लावला आणि डोळे पुसले. डॉक्टरवर माहा राग नही, तो म्हणाला. दार उघडं राह्यलं, त्याले तो काय करीन.

दवाखान्यातली पोरांची गर्दी ओसरली. ज्यांना दमा, खोकला, ताप होता तीही पोरं मोरवढ्याला जाऊ लागली, आणि त्या थंडीत त्यांतली किती परत धावताना दिसली ते कोणी मोजलं नाही. बरी झालेली पोरं मंगळवारी येऊन दिसत. गेलेली पोरं येत नसत. चमत्काराचा सगळा हिशेब एवढ्यावर चालतो.

म्हणून इथे एक गोष्ट सरळ सांगून ठेवायला हवी. बापूच्या तुपात औषध होतं, आणि बापू तरीही लबाड होता. खोटा माणूस कधीकधी खरी वस्तू विकतो. ती वस्तू कशावर चालते आणि कशावर नाही, हे तो सांगत नाही, कारण ते सांगितलं की त्याचं देवपण जातं. 'ड' जीवनसत्त्वाने हाड भरतं, त्याला आठवडे लागतात. ते वेळेवर मिळालं असतं तर ताईची छाती कदाचित तग धरती. श्वास अडकल्यावर तुपातून दिलेलं ते औषध म्हणजे घर पेटल्यावर खणलेली विहीर. पोर बरं झालं तर हात जोडा, पण जोडण्याआधी विचारा, ते कशाने बरं झालं. आणि ज्याने एक दुखणं बरं केलं त्याच्या हाती दुसरं दुखणं देण्याआधी पुन्हा विचारा. विचारायला पदवी लागत नाही.

लीलाधर पंधरा दिवसांनी बागेत गेला. भावाचं काही काम होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. धुरपदाबाई त्याला पाहून झोपडीत गेली. जीवराम दूर पाटावर होता, त्याने मान वर केली नाही.

बेबाबाई बागेच्या टोकाला, उघड्या बांधावर बसली होती. समोर मगन, अंगात काही नाही, सकाळच्या उन्हात. मांडीवर तिने पदर पसरला होता आणि तिची नजर आभाळात होती.

लीलाधर जवळ जाऊन उभा राहिला. 

"मीही पाह्यली व्हती ती रेघ," ती म्हणाली. "तुम्ही उन्हात फोटो धरला व्हता तवा. ताई तवा माह्या पदराखाली व्हती."

तिने मगनचे पाय उन्हाकडे सरळ केले.

"मी तवाच पदर काढाले पायजे व्हता."

नदीच्या बाजूने एक पाखरू येत होतं. साधा कावळा. बेबाबाईने तो लांबूनच हेरला आणि झटकन पदर मगनवर टाकला, दोन्ही हातांनी दाबून धरला. सावली बांधावरून, पदरावरून, लीलाधरच्या बुटांवरून सरकत केळीत शिरली. कावळा दिसेनासा होईपर्यंत ती तशीच बसली. मग तिने पदर काढला आणि पोराला परत उन्हात केलं.

लीलाधर तिला सांगणार होता की सावलीने काही होत नाही. हे त्याने तिला पूर्वी सांगितलं होतं, फोटो दाखवून, काच दाखवून, चिमणी धुऊन. तो बांधावर तिच्या शेजारी बसला. पुढचं पाखरू आलं तेव्हा तिने पुन्हा पदर टाकला.